हवेच्या चाकातील योग्य दाबाचा प्रश्न : थॉमसनच्या ‘हवाई चाका’पासून विद्युत एकचाकीपर्यंत

गोषवारा

वायुभरित चाकाचा इतिहास सामान्यतः शोध, पेटंट आणि उद्योग या अंगांनी लिहिला जातो. चाकात हवा किती भरावी, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न त्यात बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात इ. स. १८४५ पासून आजच्या विद्युत एकचाकीपर्यंत या एका प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. योग्य दाब हा चाकाचा स्थिर गुणधर्म नसून भार, रस्ता आणि स्वार यांच्यातील तडजोड आहे, हे पहिल्या प्रयोगांतच दिसून आले होते. पुढे शर्यतीच्या गुळगुळीत धावपट्टीने आणि प्रयोगशाळेतील पोलादी पिंपाने ही जाणीव मागे सारली. विद्युत एकचाकीत सारा भार एकाच टायरवर येत असल्याने ती जाणीव पुन्हा अनिवार्य झाली आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

इलेक्ट्रिक युनिसायकल अर्थात विद्युत एकचाकी हे एकविसाव्या शतकातील वाहन आहे. एक चाक, त्याच्या तुंब्यात बसविलेली मोटार, दोन्ही बाजूंना पावले ठेवण्यासाठी पट्ट्या, विजेरी संच आणि तोल सांभाळणारे संगणकीय नियंत्रण एवढाच तिचा संसार. तिला हँडल नाही, दुसरे चाक नाही आणि बहुतेक नमुन्यांत बैठकही नाही. स्वार पुढे झुकला की चाक वेग घेते, मागे झुकला की ते मंदावते. अशा वाहनाच्या स्वाराला ज्या बाबींचा निर्णय स्वतः करावा लागतो, त्यांत टायरमधील हवेचा दाब ही प्रमुख बाब होय. दाब फार कमी असेल तर खड्ड्यात रिम आपटते आणि ट्यूब चिमटली जाते. तो फार जास्त असेल तर लहानसा खडाही चाकाला उडवितो. मोटारीचा एक टायर निकामी झाला तरी उरलेले तीन तिला सावरतात. एकचाकीला असा आधार नाही, आणि म्हणून येथे दाबाची निवड थेट स्वाराच्या हाडामांसाशी जोडलेली आहे.

हा प्रश्न मात्र एकचाकीबरोबर जन्मलेला नाही. त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात योग्य उत्तर एकदा सापडले, नंतर विस्मृतीत गेले आणि पुन्हा शोधावे लागले. हा क्रम समजून घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. थॉमसनचे ‘हवाई चाक’

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याची पद्धत जगभर शतकानुशतके रूढ होती. लोखंडी धाव झिजत नाही. पण रस्त्यावरील प्रत्येक दगडावर ती संपूर्ण गाडीला वर उचलते, आणि ते उचलण्याचे श्रम अखेर घोड्याला किंवा बैलाला करावे लागतात. रबरावर गंधकाची प्रक्रिया करून ते टिकाऊ करण्याची रीत चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये शोधल्यानंतर या अडचणीवर नवा उपाय संभवनीय झाला. स्कॉटलंडमधील स्टोनहेवन येथे जन्मलेल्या रॉबर्ट विल्यम थॉमसन (१८२२-१८७३) या तरुण अभियंत्याने १८४५ च्या डिसेंबरात हवा भरलेल्या चाकाचे ब्रिटिश पेटंट मिळविले. रबर लावलेल्या कापडाची पोकळ नळी, तिच्यावर चामड्याचे आवरण आणि आत दाबून भरलेली हवा अशी त्याची रचना होती. तिला त्याने ‘हवाई चाक’ असे नाव दिले.

थॉमसनने आपल्या चाकाची परीक्षा प्रत्यक्ष रस्त्यावर घेतली, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ही चाके लावून गाडी ओढण्यास लागणारे बळ मोजण्यात आले. ‘मेकॅनिक्स मॅगझीन’ या तत्कालीन नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पक्क्या खडीच्या रस्त्यावर साध्या चाकांच्या गाडीस ४५ पौंड बळ लागे, तर हवाई चाकांच्या गाडीस २८ पौंड पुरे. नुकत्याच फोडून टाकलेल्या खडीवर मात्र हेच आकडे अनुक्रमे १२० आणि साडेअडतीस पौंड असे होते. म्हणजे चांगल्या रस्त्यावर बचत सुमारे ३८ टक्के, तर वाईट रस्त्यावर ती सुमारे ६८ टक्के.

या दोन आकड्यांत पुढील सर्व चर्चेचे बीज आहे. हवेच्या चाकाचा लाभ हा एकट्या चाकाचा गुण नव्हे. रस्ता जितका खडबडीत, तितका तो लाभ अधिक. चाक मऊ असल्याने दगड टायरमध्ये रुततो, गाडी वर उचलली जात नाही आणि ओढणाऱ्याचे श्रम वाचतात. परंतु हवाई चाके महाग होती आणि त्यांना परवडेल असे हलके वाहन त्या काळी नव्हते. थॉमसन स्वतःच पुढे घन रबरी धावांकडे वळला आणि त्याचा हा पहिला शोध चार दशके विस्मरणात गेला.

३. डनलॉप आणि शर्यतीचे मैदान

बेलफास्ट येथे पशुवैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप (१८४०-१९२१) याला थॉमसनच्या पेटंटाची माहिती नव्हती. घन रबरी धावा असलेल्या तीनचाकीवरून फिरताना आपल्या लहान मुलास बसणारे धक्के कमी करावेत, या हेतूने त्याने १८८७ मध्ये हवेच्या नळीचे प्रयोग आरंभिले. लाकडी तबकडीवर रबराची नळी बसवून ती त्याने अंगणात ढकलली, तेव्हा ती घन रबरी चाकाहून बरीच दूर गेली. १८८८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. १८४५ च्या पेटंटामुळे ते पुढे दोनच वर्षांत अवैध ठरले, तरी तोपर्यंत नव्या उद्योगाचा पाया घातला गेला होता.

या उद्योगास चालना मिळाली ती शर्यतीमुळे. १८८९ च्या मे महिन्यात बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम या सायकलपटूने डनलॉपचे टायर लावलेल्या सायकलीवर शर्यती जिंकल्या. जाडजूड, मऊ टायर पाहून जे हसले, त्यांनाच ते काही काळात विकत घ्यावेसे वाटू लागले. पराभूत स्पर्धकांचे वडील हार्वे दु क्रो यांनी पुढाकार घेऊन त्याच वर्षी डब्लिन येथे टायरनिर्मितीची कंपनी स्थापन केली. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च आणि विल्यम अर्स्किन बार्टलेट यांनी टायर रिमवर बसविण्याच्या दोन निरनिराळ्या रीतींची पेटंटे घेतली. १८९१ मध्ये फ्रान्समध्ये मिशलॅं बंधूंचा सहज काढता येणारा टायर वापरून शार्ल तेरों याने सुमारे १२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली. आता टायर स्वाराला स्वतः काढता, जोडता व फुगविता येऊ लागला आणि दाबाचा निर्णयही त्याच्या हाती आला.

मात्र येथेच विचाराची दिशा बदलली. ह्यूमचा विजय हा मऊ टायरचा कठीण टायरवरील विजय होता. शर्यतीच्या जगाने त्यातून ‘हवेचा टायर वेगवान’ एवढाच बोध घेतला आणि पुढे ‘अधिक हवा, अधिक वेग’ असे त्याचे सुलभीकरण केले. सायकल शर्यतीच्या बांधीव, गुळगुळीत धावपट्टीवर हे सुलभीकरण बऱ्याच अंशी खरेही होते. त्यामुळे शर्यतीचे टायर अरुंद होत गेले, त्यांतील दाब वाढत गेला आणि शर्यतीची ही रीत सामान्य स्वारांनीही अनुसरली.

४. दाब आणि घर्षण : शास्त्रीय पार्श्वभूमी

फिरत्या चाकास होणारा विरोध कोठून येतो, याचा शास्त्रीय विचार हवेच्या टायरच्या पुनरागमनापूर्वीच सुरू झाला होता. ऑस्बर्न रेनल्ड्स याचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १८७६ चा आहे. आर्चिबाल्ड शार्प याने १८९६ मध्ये प्रकाशित केलेल्या सायकल आणि तीनचाकीवरील ग्रंथात टायरचा विचार यंत्रशास्त्राच्या अंगाने केला आहे.

या विचाराचे सार पुढीलप्रमाणे मांडता येईल. टायर जमिनीला जेथे टेकतो तेथे तो चपटा होतो आणि पुढे सरकल्यावर पुन्हा मूळ आकार घेतो. रबर दाबण्यास जितकी ऊर्जा लागते तितकी ते पूर्ववत होताना परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. दाब कमी असेल तर टायर अधिक चपटा होतो, म्हणून त्याच्या आत वाया जाणारी ऊर्जाही वाढते. गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवून केलेल्या मोजणीत म्हणूनच दाब वाढविताच विरोध घटत जातो.

परंतु रस्ता म्हणजे पोलादी पिंप नव्हे. कठीण टायर रस्त्यावरील खडबडीतपणा गिळू शकत नाही, तो तसाच वाहनाकडे आणि स्वाराकडे पाठवितो. स्वाराचे स्नायू, सांधे आणि मांसल भाग त्या कंपनाने हलतात आणि तेथेही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. हा दुसरा खर्च पिंपावरील प्रयोगात दिसतच नाही, कारण पिंपावर स्वार नसतो. थॉमसनच्या प्रयोगात खरा रस्ता होता, म्हणून तेथे तो अप्रत्यक्षपणे मोजला गेला होता. मोजण्याची जागा बदलली आणि तिच्याबरोबर उत्तरही बदलले.

५. आकडा आणि अंगठा

दाबाची निवड करावयाची तर प्रथम तो मोजता आला पाहिजे. या दृष्टीने हवा आत घेणाऱ्या झडपेचा, म्हणजे व्हॉल्व्हचा इतिहास उद्बोधक आहे. १८९० च्या दशकात दोन प्रकार रूढ झाले. वुड्स याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आणि डनलॉपच्या नावानेही प्रसिद्ध असलेल्या व्हॉल्व्हमध्ये धातूच्या नळीवरील छिद्र रबराच्या बारीक नळीने झाकलेले असते. श्रेडर व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगवर बसविलेली पिन असते. श्रेडर व्हॉल्व्हवर दाबमापक लावता येतो. वुड्स व्हॉल्व्हवर साध्या दाबमापकाने आतील दाब नीट कळत नाही.

महाराष्ट्रातील सर्वसामान्य सायकलींवर वुड्स व्हॉल्व्हच दीर्घकाळ राहिला. ‘व्हॉल्व्हट्यूब’ हा शब्द येथील प्रत्येक सायकल दुकानात परिचित आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यातही सायकलीतील हवेचे मोजमाप आकड्याने क्वचितच झाले. अंगठ्याने टायर दाबून पाहावा, मागे कोणी बसणार असेल किंवा कॅरिअरवर ओझे असेल तर मागच्या चाकात आणखी चार-दोन पंप मारावेत, ही रीत होती. या रीतीत अचूकता नव्हती; परंतु भारानुसार दाब बदलला पाहिजे, हे मूलभूत तत्त्व तिच्यात शाबूत होते.

याच प्रदेशात थॉमसनची मूळ कल्पनाही वेगळ्या रूपाने साकार झाली. साखर कारखान्यांकडे ऊस वाहून नेणारी टायरची बैलगाडी हे ग्रामीण महाराष्ट्रातील नेहमीचे दृश्य होय. लोखंडी धावेच्या जागी हवेचा टायर आला आणि बैलांच्या मानेवरील ताण हलका होण्याची शक्यता निर्माण झाली. पण त्याबरोबर गाडीवर अधिक ऊस लादणेही शक्य झाले. हवेच्या चाकाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे केवळ चाक ठरवीत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

६. कमी दाबाचे पुनरागमन

मोटारीच्या क्षेत्रात १९२३ मध्ये फायरस्टोन कंपनीने ‘बलून’ टायर बाजारात आणला. त्याचा छेद मोठा होता आणि तो पूर्वीच्या टायरपेक्षा बऱ्याच कमी दाबावर चाले. हवेचे आकारमान अधिक असेल तर कमी दाबातही तोच भार पेलता येतो, हे त्यामागील तत्त्व होते. १९३३ मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीने हाच विचार सायकलीत आणला आणि २.१२५ इंच रुंदीचा टायर प्रचारात आणला. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षांनी आरंभीच्या अनेक विद्युत एकचाकींना हीच रुंदी लाभली, हे सातत्य लक्षणीय आहे.

शर्यतीच्या सायकलींत मात्र उच्च दाबाचा आग्रह विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकला. अमेरिकेतील सायकलविषयक तांत्रिक लेखक फ्रँक बेर्टो यांनी टायरची रुंदी आणि चाकावरील भार यांच्या आधारे दाबाचे तक्ते तयार केले. भार आल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्क्यांनी घटावी, हे त्यांचे सूत्र होते. या सूत्राने प्रश्नाची मांडणीच बदलली. ‘किती पौंड हवा?’ या प्रश्नाच्या जागी ‘या भाराखाली टायर किती बसला पाहिजे?’ हा प्रश्न आला. २००६ पासून यान हाइने यांच्या संपादनाखालील ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाने खऱ्या रस्त्यावर, स्वारासह केलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. दाब एका मर्यादेपलीकडे वाढविल्याने वेग वाढतोच असे नाही, आणि खडबडीत पृष्ठभागावर तो घटतो, असे त्यांतून दिसून आले. थॉमसनच्या दोन रस्त्यांवरील आकड्यांनी जे १८४७ मध्येच सुचविले होते, ते अशा रीतीने पुन्हा प्रस्थापित झाले.

७. चार पौंडांचा वाद

दाबाची निवड ही सोयीपुरती बाब नाही, हे २००० मधील फोर्ड-फायरस्टोन प्रकरणाने जगापुढे आणले. फोर्डच्या ‘एक्स्प्लोरर’ या उंच मोटारीच्या टायरची वरची थर सुटून अपघात होत असल्याचे उघडकीस आले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने लक्षावधी टायर परत मागविले. या मोटारीसाठी फोर्डने प्रति चौरस इंच २६ पौंड दाबाची शिफारस केली होती. टायर उत्पादकाच्या मते तो ३० पौंड असावयास हवा होता. कमी दाबाने टायर अधिक वाकतो आणि तापतो, असा टायर कंपनीचा आक्षेप होता, तर दोष टायरच्या घडणीतच आहे, असे मोटार कंपनीचे म्हणणे होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने या टायरशी संबंधित अपघातांत २७१ मृत्यूंची नोंद केली. तिच्या तपासात टायरच्या रचनेतील व निर्मितीतील दोषांवर भर देण्यात आला.

या प्रकरणाचा निकाल एकट्या दाबावर लागला नाही. तरी त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, दाब कमी ठेवण्याने वाहनाचे एक वर्तन सुधारत असतानाच टायरच्या उष्णतेची बाजू बिघडू शकते. दोन, सुरक्षिततेसाठी राखलेली शिल्लक अवघ्या काही पौंडांची असू शकते. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यातून पुढे नव्या मोटारींत दाब घटल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. मोटारचालकाला असा पहारेकरी मिळाला. एकचाकीच्या स्वाराला मात्र अशी सक्तीची हमी नाही.

८. विद्युत एकचाकीचा उदय

डिसेंबर २००१ मध्ये डीन केमन यांनी ‘सेगवे’ हे स्वतः तोल सांभाळणारे दुचाकी वाहन प्रकट केले. त्यातील दोन चाके शेजारी-शेजारी होती. २००४ मध्ये ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनी तोलाची तीच कल्पना एका चाकावर उतरवून विद्युत एकचाकी तयार केली. उभ्याने चालविण्याच्या आजच्या रूपाला आकार दिला तो अमेरिकेतील संशोधक शेन चेन यांनी. त्यांच्या ‘इन्व्हेंटिस्ट’ या कंपनीची ‘सोलोव्हील’ २०११ मध्ये बाजारात आली. त्यानंतर चीनमधील उत्पादकांनी हे क्षेत्र व्यापले. चाकाचा व्यास वाढला, टायर रुंद झाले, मोटारींची शक्ती आणि वेग यांत मोठी वाढ झाली. २०२० मध्ये ‘इनमोशन व्ही ११’ आणि ‘किंगसाँग एस १८’ या नमुन्यांत धक्के शोषणारी यंत्रणा आली. तोपर्यंत रस्ता आणि स्वाराचे गुडघे यांच्यामध्ये धक्का शोषणारी वस्तू होती ती केवळ टायरमधील हवा.

या वाहनाच्या नियंत्रणाचे तत्त्व दाबाच्या प्रश्नाशी निगडित आहे. आतील संवेदक झुकाव मोजतात आणि मोटार चाकाला स्वाराच्या भाराखाली आणीत राहते. म्हणजे पुढच्या-मागच्या दिशेचा तोल हा मोटारीकडे शिल्लक असलेल्या बळावर अवलंबून असतो. टायर मऊ असेल तर मोटारीवरील भार वाढतो आणि ती शिल्लक घटते. चढावर किंवा अधिक वेगात मोटार आपल्या मर्यादेस पोहोचली, तर ती चाकाला भाराखाली आणू शकत नाही आणि स्वार पुढे कोसळतो. डाव्या-उजव्या बाजूचा तोल मात्र यंत्र सांभाळीत नाही. तो स्वाराने झुकून, वळून सांभाळावयाचा असतो आणि तेथे टायरचा जमिनीशी असलेला स्पर्श निर्णायक ठरतो.

९. एका चाकावरील निवड

स्वार आणि वाहन मिळून १०० किलो भार धरला तर तो सर्वस्वी एका टायरवर येतो. टायरच्या भिंतीचा ताठरपणा क्षणभर बाजूला ठेवल्यास, भारास दाबाने भागून जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ अंदाजे काढता येते. ३० पौंड दाबास ते सुमारे ४७ चौरस सेंटिमीटर, ४० पौंडांस सुमारे ३६ आणि ५० पौंडांस सुमारे २८ चौरस सेंटिमीटर येते. तळहाताहूनही लहान असलेल्या या पट्ट्यावर संपूर्ण वाहन उभे असते.

पट्टा मोठा असेल तर चाक जागच्या जागी वळविण्यास अधिक जोर लागतो, वळणे जड होतात आणि रस्त्यावरील लांबट चिरा व सांधे चाकाला आपल्या दिशेने ओढतात. पट्टा लहान असेल तर चाक चपळ होते. परंतु त्याला आडव्या हालचालीस होणारा विरोध घटतो, आणि अधिक वेगात चाक डावी-उजवीकडे थरथरू लागण्याची तक्रार पुष्कळ स्वार चढ्या दाबाच्या संदर्भात करतात. म्हणजे वळणाची सुलभता, वेगातील स्थैर्य, खड्ड्यातील सुरक्षितता, विजेरीचा पल्ला आणि शरीरास मिळणारा आराम या पाच मागण्या एकाच आकड्याकडे निरनिराळ्या दिशांनी पाहतात. त्या सर्व एकाच वेळी पूर्ण करणारा दाब अस्तित्वात नाही.

यातून मार्ग काढण्याची रीत मात्र इतिहासातच उपलब्ध आहे. उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत राहून स्वाराच्या वजनानुसार आरंभीचा दाब ठरवावा. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा बहुधा कमाल मर्यादा असते, तो सल्ला नव्हे. स्वार उभा असताना टायर किती बसतो हे पाहावे. तीन इंची टायरच्या बाबतीत बेर्टो यांचे १५ टक्के म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर होतात. हे सूत्र दुचाकी सायकलीसाठी असल्याने ते येथे आज्ञा म्हणून नव्हे, तर दिशा म्हणून घ्यावे. त्यानंतर ओळखीच्या रस्त्यावर, मंद वेगात, एका वेळी दोन-तीन पौंडांचा फरक करून परिणाम तपासावा. खडबडीत रस्त्यावर दाब थोडा उतरवावा. परंतु तो इतका नसावा की खड्ड्यात रिम जमिनीला लागेल.

या संदर्भात तापमानाचाही विचार करावा लागतो. बंद टायरमधील दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर सकाळी १५ अंश सेल्सिअस तापमानात ४० पौंड भरलेला टायर ३५ अंशांवर सुमारे ४४ पौंड दाखवील. ज्या चार पौंडांवरून दोन बलाढ्य कंपन्यांत वाद झाला, तेवढाच हा फरक आहे. म्हणून मोजणी टायर थंड असताना, नेहमी त्याच दाबमापकाने करणे इष्ट होय. एकचाकीचा व्हॉल्व्ह पुष्कळदा आवरणाच्या आत, अडचणीच्या जागी असतो. त्यामुळे मोजण्याचा कंटाळा केला जातो आणि धोका नेमका तेथेच उद्भवतो. हवा थोडी-थोडी करून कमी होत जाते, स्वाराला त्या बदलाची सवय होते आणि बिघाड लक्षात येतो तो खड्ड्यात पडल्यावर.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) हवेच्या चाकाचा लाभ रस्त्याच्या स्थितीनुसार बदलतो, हे थॉमसनच्या १८४७ च्या प्रयोगांतच दिसून आले होते. म्हणून दाबाचा विचार रस्त्यापासून वेगळा करता येत नाही.

२) ‘अधिक दाब, अधिक वेग’ ही समजूत गुळगुळीत धावपट्टी आणि पोलादी पिंप या विशिष्ट परिस्थितींतून निर्माण झाली. तिचा सार्वत्रिक नियम करणे चुकीचे होते. मोजमाप अचूक असले तरी मोजण्याची जागा अयोग्य असेल तर निष्कर्ष दिशाभूल करतो, हा धडा अन्य ज्ञानशाखांनाही लागू आहे.

३) दाब कमी करण्यासही मर्यादा आहे. उष्णता, रिमला बसणारा मार आणि मोटारीवरील भार या तीन बाबी ती ठरवितात.

४) विद्युत एकचाकीत चुकीच्या निवडीची भरपाई करणारे दुसरे चाक नाही. त्यामुळे अंगठ्याने टायर चाचपण्याच्या जुन्या रीतीतील भाराची जाण आणि दाबमापकाची अचूकता या दोहोंची तेथे सारखीच गरज आहे.

तंत्रज्ञानाचा इतिहास नवे यंत्र जुन्याची जागा घेते, अशा क्रमाने सांगण्याची प्रथा आहे. हवेच्या दाबाचा इतिहास त्या क्रमात बसत नाही. विद्युत एकचाकीत संवेदक आहेत, संगणक आहे, शक्तिमान मोटार आहे. परंतु त्या सर्वांचा जमिनीशी संबंध येतो तो थॉमसनने रबरी कापडात कोंडलेल्या हवेतूनच. ती किती असावी हे यंत्र ठरवीत नाही. रस्ता पाहून आणि भार ओळखून तो निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि निघण्यापूर्वी मोजण्याचे कष्टही त्यालाच घ्यावे लागतात.